खुर्च्या उचलणारी आणि माईक धरणारी

ताई, नमस्कार.

मी भांडुपला राहते. दादरच्या एका कॉलेजात एसवायबीएला आहे. बारावीपर्यंत सगळं शिक्षण मराठीतून झालं. एफवायला एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव घातलं आणि तेव्हापासून एकही रविवार चुकवलेला नाही. विसर्जनाच्या रात्री चौपाटीवर निर्माल्य गोळा केलं, बीच क्लीनिंग केलं, रॅल्या काढल्या, पथनाट्यात ढोलकी सांभाळली. यंदा युनिटचा लीडर निवडायचा होता. मला वाटलं होतं, माझं नाव येईल. निवड झाली ती मात्र फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या, कार्यक्रमात अँकरिंग करणाऱ्या मुलीची. दीड वर्ष मी नुसत्या खुर्च्याच उचलल्या की काय, असं वाटायला लागलंय. आणि खरं सांगू? आम्ही करतो त्यातलं अर्धं फोटोसाठीच असतं.

बाबा रिक्षा चालवतात. ते म्हणतात, ‘ही फुकटची हमाली कशाला? त्यापेक्षा शिकवण्या घे.’ आईचा नियम आहे, रात्री आठच्या आत घरात. मला पुढे समाजकार्यात एमएसडब्ल्यू करायचंय. आता एका संस्थेची ऑनलाइन इंटर्नशिप आली आहे. आपल्या लिंकवरून ओळखीच्यांकडून देणग्या जमवून द्यायच्या की ‘लीडरशिप’चं सर्टिफिकेट मिळतं. नावनोंदणीचे दीड हजार वेगळे. ती घेऊ का? की एनएसएस सोडून डीएलएलईला, म्हणजे विद्यापीठाच्या विस्तार विभागाच्या कामाला, जाऊ? नाव छापू नका.

— एक स्वयंसेविका

अगं, आधी त्या दीड हजारांचं बोलू, कारण बाकीचं थांबू शकतं आणि ते कदाचित तू उद्याच भरून टाकशील.

भरू नकोस. ही इंटर्नशिप म्हणजे काय, ते सांगते. तू तुझ्या आत्याला, मामाला, चाळीतल्या काकूंना लिंक पाठवायची. त्यांनी तुझं मन मोडू नये म्हणून दोनशे-पाचशे टाकायचे. पैसा संस्थेच्या खात्यात जाणार आणि ‘लीडरशिप’ असं छापलेली एक पीडीएफ तुझ्या हाती पडणार. म्हणजे बिनपगारी वसुली कारकुनाची नोकरी, आणि ती मिळवायला आधी तूच पैसे मोजायचे. देणग्या गोळा करणं वाईट नाही, चांगल्या संस्थाही ते करतात. पण काम न दाखवता नुसती लिंक देणाऱ्याला एक प्रश्न विचारून बघ: ‘तुमचं काम मुंबईत कुठे चालतं? शनिवारी येऊन बघू का?’ उत्तर पत्त्याचं आलं तर पुढे बोल. उत्तरात नुसती इमोजी आली तर नंबर ब्लॉक कर. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर संस्थेची नोंद आहे का, तेही बघता येतं. नोंद सापडली म्हणून संस्था चांगलीच असं समजू नकोस, पण नसली तर पुढचा वेळ वाचतो. निवासी शिबिरांना जेवणा-राहण्याचे पैसे घेतात ते वेगळं. तिथे दोन वेळचं जेवण आणि आठ दिवसांची सतरंजी तरी मिळते.

आता लीडरचं. यात मी थोडी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. शिकवण्याच्या नोकरीत मी अकरा वर्षं एनएसएसची कार्यक्रम अधिकारी होते, म्हणजे तुम्ही मुलं जिला ‘पीओ मॅडम’ म्हणता ती. आणि मीही एकदा नव्हे, तीन-चारदा माईक नीट धरणाऱ्यालाच लीडर केलंय. विद्यापीठातून पाहुणे येणार असतात, प्राचार्य पहिल्या रांगेत असतात, सूत्रसंचालन फसलं तर बोलणी पीओला बसतात. अशा वेळी खुर्च्या कुणी लावल्या हे आठवत नाही, कारण त्या लागलेल्या असतात. नीट झालेलं काम दिसत नाही, हीच त्याची गंमत आणि हाच त्याचा घाटा. तुझ्या मॅडमनी तुला मुद्दाम डावललं असेल असं मला वाटत नाही. त्यांना तू दिसली नसशील.

म्हणून ‘मला का नाही केलंत’ असं विचारायला जाऊ नकोस. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसेल, आणि असलं तरी तुला आवडणार नाही. एखादं काम मागायला जा. सबंध, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझं असेल असं. उदाहरण देते.

तुमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर कधी होतं? बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, ॲन्युअल डेच्या आगेमागे. तेव्हा मुलं असतात, मंडप असतो, आकडा मोठा येतो. पण तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त पाच दिवस. जानेवारीतल्या बाटलीचा मे महिन्यातल्या रुग्णाला काहीच उपयोग नाही. आणि मुंबईत रक्ताची ओढाताण होते ती नेमकी एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत. कॉलेजं बंद, ऑफिसं अर्धी रिकामी, नेहमीचे दाते गावी. परळला टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर मे महिन्यात जाऊन बघ. कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक प्लेटलेट्ससाठी फोनवर फोन करत असतात, आणि त्यांतले कितीतरी जण बाहेरगावचे, मुंबईत ओळख शून्य.

तर मॅडमना सांग, ‘मे महिन्याचं रक्तदान माझ्याकडे द्या.’ मोठं शिबिर नको, चाळीस जण पुरे. आत्तापासून वहीत नावं लिहायला घे: कोण सुट्टीत मुंबईतच असतं, कुणाचं वय अठरा पूर्ण आहे, वजन किमान पंचेचाळीस किलो आहे. मुलांना दोन दानांमध्ये तीन महिन्यांचं अंतर लागतं, मुलींना चार. म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी ज्याने दिलंय त्याला मेच्या अखेरीशिवाय बोलवता येणार नाही. मुलींची खूप नावं हिमोग्लोबिनवर गळतात, साडेबारा लागतं, तेव्हा चाळीस हवे असतील तर सत्तर नावं धर. (आणि गळलेल्या मुलींची यादी फेकू नकोस. त्यांच्याशी आहाराबद्दल आणि लोहाच्या गोळ्यांबद्दल कुणीतरी बोलायला हवं. तो आणखी एक कार्यक्रम झाला, तोही कुणी केलेला नसतो.) एखाद्या रक्तपेढीशी तारीख ठरव, आदल्या दिवशी सगळ्यांना फोन कर. मेसेज नव्हे, फोन. मेसेजवर अंगठा दाखवणारा माणूस सकाळी झोपलेला असतो.

यात इंग्रजी कुठे लागलं?

फोटोंबद्दल तू लिहिलंस ते वाचून मला एक जुनी खोच आठवली. पालघरकडच्या एका पाड्यावर आमचा सात दिवसांचा कॅम्प होता. मुंबईहून निघतानाच आम्ही ठरवून गेलो होतो की भिंती रंगवायच्या. साक्षरता, स्वच्छता, मुलगी वाचवा. चार दिवस पन्नास मुलं ब्रश घेऊन उन्हात. अक्षरं सुरेख आली होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आमच्या भिंतीपाशी थांबली. मला वाटलं, वाचतेय. ती म्हणाली, ‘बाई, रंग ब्येस हाय. पन हापशी दोन म्हैने बंद हाय.’

हापशी आमच्या तंबूपासून शंभर पावलांवर होती. आमच्यासाठी टँकर येत होता, त्यामुळे तिचा दांडा कुणी हलवूनच पाहिला नव्हता. मीसुद्धा नाही.

त्या कॅम्पात एक मुलगा होता, अबोल, कोपऱ्यात बसणारा. तो दुसऱ्या दिवशी मला न विचारता ग्रामसेवकाकडे गेला, अर्ज कसा लिहायचा ते विचारून आला, पाड्यावरच्या बायकांचे अंगठे आणि सह्या घेतल्या, वडाप पकडून पंचायत समितीत अर्ज देऊन पोच घेऊन आला. कॅम्प संपला तरी हापशी सुरू झाली नव्हती. त्यानंतर तो दर आठवड्याला मुंबईहून त्या कार्यालयात फोन करायचा. साधारण दीड महिन्याने मेकॅनिक आला. वॉशर झिजला होता, एवढंच. आमच्या अहवालात मात्र भिंतींचे आठ फोटो होते आणि हापशीचा एकही नव्हता. तो अहवाल मी लिहिला होता. त्या वर्षी ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ म्हणून मी कुणाचं नाव दिलं, ते विचारू नकोस.

तुला जे खोटं वाटतंय ते खोटंच आहे, अशी समजूत मात्र करून घेऊ नकोस. विसर्जनाच्या रात्री निर्माल्य वेगळं काढणं हे खरं काम आहे. ते समुद्रात गेलं नाही, खतात गेलं, याला फोटोची साक्ष लागत नाही. बीच क्लीनिंगचं थोडं वेगळं. एका रविवारी दोनशे मुलं जाऊन किनारा झाडतात आणि पुढच्या भरतीला समुद्र सगळं परत आणून टाकतो. वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलाने २०१५ साली सुरुवात केली तेव्हा बरोबर एक म्हातारे शेजारी होते, बस. पण ते पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही. नंतर माणसं जोडली गेली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. तुमचं युनिट एका जागी किती वेळा परत जातं, ते मोजून बघ. तुझ्या ‘अर्धं फोटोसाठीच’ या तक्रारीचं उत्तर बहुधा त्या आकड्यात सापडेल.

एनएसएस की डीएलएलई? पटकन सांगते, कारण यात फार खोल काही नाही. एनएसएस गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत सुरू झालं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० आणि एक सात दिवसांचा कॅम्प, हा त्याचा हिशेब. डीएलएलई हा मुंबई विद्यापीठाचा आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग. तिथे सर्वेक्षण, प्रकल्प, अहवाल यांवर भर जास्त असतो. ज्याला लिहायला, आकडे मांडायला आवडतं त्याने तिकडे जावं. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट सैन्यात जायचं असेल तर मोलाचं आहे, तुझा रस्ता तो दिसत नाही. दहा मार्कांची सवलत वर्षानुवर्षं एनएसएसलाही होती आणि डीएलएलईलाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात यांना श्रेयांक आलेत, त्याचं तुमच्या कॉलेजातलं कोष्टक ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लागतं, ते वाच. पण तुझे निम्म्याहून जास्त अवर्स भरलेले असताना लीडर केलं नाही म्हणून एनएसएस सोडणं म्हणजे कुर्ल्याला बसायला जागा मिळाली नाही म्हणून घाटकोपरला गाडीतून उतरण्यासारखं आहे. जायचंय तर भांडुपलाच ना?

आता मी तुला जे खरंच सुचवणार आहे त्याकडे येते. तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी दिसलं ते तुझं अक्षर. टपोरं, सुटं, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. बारावीपर्यंत मराठीतून शिकले, हे तू कमीपणा सांगावा तसं लिहिलंयस. मुंबईत अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतात. त्यांतले जे मराठीतून पेपर देतात त्यांना धड मराठी लिहिणारा, जोडाक्षरं न खाणारा लेखनिक मिळेपर्यंत नाकी नऊ येतात. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्या अकराला कुणी आहे का’ असे निरोप ग्रुपवर फिरताना तूही पाहिले असशील.

नियम आधी समजून घे. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर तो शिक्षणात त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावा, असं केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगत होत्या; २०२५ मध्ये त्या बदलल्या. जुन्या हिशेबाने तू एसवायला आहेस म्हणून टीवायच्या पेपरला तुझा विचार होऊ शकला असता. आता नक्की काय चालतं ते परीक्षा विभागात विचारायचं, आणि परवानगीचं पत्र आधी हातात घ्यायचं. ऐन वेळी सुपरवायझरशी हुज्जत घालताना पेपरातली वीस मिनिटं जातात. वाढीव वेळ असतो, तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. बाटलीभर पाणी आणि पोटात काहीतरी हवं.

पहिल्यांदा बसशील तेव्हा एक गोष्ट फार जड जाईल. तुला उत्तर येत असेल आणि विद्यार्थी चुकीचं सांगत असेल. लिहायचं तेच, जे तो सांगतो. भुवई उंचावून उपयोग नाही, त्याला ती दिसत नाही. पण सुस्कारा टाकलास तर ऐकू जातो, तेव्हा तोही टाकायचा नाही. प्रश्न दोनदा वाचायचा, सावकाश, गुणांसकट. ‘खालीलपैकी कोणतेही दोन’ हे शब्द गाळायचे नाहीत. मध्येच त्याने विचारलं, ‘दुसऱ्या परिच्छेदात शेवटचं वाक्य काय लिहिलं होतं?’ तर शोधून वाचून दाखवायचं. पान किती भरलं, वेळ किती उरला, हे विचारण्याआधी सांगायचं नाही, घाई केल्यासारखं होतं. आधीच ठरवून घे: ‘अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळ सांगू का?’ माझ्या ओळखीच्या एका मुलीने पहिल्याच पेपरात नकळत विद्यार्थ्याचं वाक्य ‘सुधारून’ लिहिलं. परत वाचून दाखवताना त्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, ‘हे मी नाही बोललो. माझं वाक्य टाका.’ ती अजून तो किस्सा सांगताना लाजते. पुढे तिने त्याचे चार पेपर लिहिले.

हे काम दिवसा होतं, मंडप लागत नाही, आईचा आठचा नियम मोडत नाही. झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे, वरळीला अंधांसाठी काम करणारी नॅब ही संस्था आहे. तिथे जाऊन नाव दे. परीक्षा नसतात तेव्हा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम असतं, मराठी पुस्तकांना वाचणारा हवाच असतो. आणि तुझ्या युनिटातून मराठी लिहिणारे दहा जण गोळा केलेस, त्यांना वर सांगितलेल्या गोष्टी शिकवल्यास, कुणाचा कुठला दिवस मोकळा आहे याचा तक्ता केलास, ऐन वेळी कुणी आजारी पडलं तर बदली कोण हे ठरवलंस, की मग लीडरचा बिल्ला कुणाच्या छातीवर आहे याची तुलाच आठवण राहणार नाही.

संध्याकाळच्या रात्रशाळेत शिकवायला जा, असंही सुचवलं असतं, पण त्या सुटेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, आईशी माझं भांडण लावायचं नाही मला. तरी जाता जाता सांगते. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग तुला माहीत असेल. हे जोशी शाळामास्तर होते. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, गिरणीतल्या कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवली. परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं. आम्ही तिथे नाटकं बघितली आणि वडे खाल्ले, ते कुणाचं हे फार उशिरा कळलं. या शहरात सेवेची कामं अशी नाटकाच्या तिकिटामागे, रस्त्याच्या पाटीमागे लपलेली असतात.

भांडुपमध्येच काम शोध, हेही सांगायचं होतं. दादरला कॉलेज आहे म्हणून सेवाही दादरलाच करावी असं काही नाही. तू डोंगराच्या बाजूला राहतेस का, ते लिहिलं नाहीस. भांडुप, विक्रोळीच्या उतारांवर दर पावसाळ्यात दरडीची भीती असते. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत काय झालं ते तुझ्या घरात आठवत असेल. तुझ्या गल्लीत कोण म्हातारं एकटं राहतं, कोण जिना उतरू शकत नाही, कुणाकडे तान्हं बाळ आहे, रात्री दोनला पाणी चढलं तर कुणाचं दार आधी वाजवायचं, याची एक यादी मे महिन्यात केलीस तर दोन संध्याकाळी लागतात. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ नंबर प्रत्येक दारावर मार्करने लिही. नगरसेवकाच्या ऑफिसात एक प्रत दे आणि त्यांच्याकडून तारखेसह पोच घे. पोच घेण्याची सवय आत्ताच लावून घे, पुढे फार कामाला येते.

मुलांच्यात काम केलंस तर दोन गोष्टी कडक पाळ. त्यांच्या चेहऱ्याचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, गोड दिसत असले तरी. आणि ‘मी दर शनिवारी येईन’ असं म्हणायचं असेल तर दर शनिवारी जायचं. ती मुलं दारात उभी राहतात गं. मोठ्यांना दिलेली वेळ चुकली तर फोन करता येतो, सहा वर्षांच्या पोराला कुठे फोन करणार? एखादं मूल मार खातंय, कामाला लावलंय असं कळलं तर एकटीने वीरश्री दाखवू नकोस, १०९८ लाव. हा नंबरसुद्धा मुंबईतलाच, १९९६ मध्ये देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमधल्या एका प्रकल्पातून सुरू झालेला.

त्यावरून तुझं एमएसडब्ल्यू. टाटा इन्स्टिट्यूट १९३६ साली नागपाड्याला, भर वस्तीत सुरू झाली होती. देवनारचं ते हिरवं आवार नंतर आलं. चर्चगेटला निर्मला निकेतन आहे, १९५५ पासून. दोन्हीकडे अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य भरपूर आहे, आठवड्यातले काही दिवस वस्तीतच जातात. अशा ठिकाणी मुलाखतीला बसलेल्या माणसांनी सर्टिफिकेटांच्या फायली खूप पाहिलेल्या असतात. त्यांना विचारायचं असतं ते असं: तू गेलीस तिथे किती घरं होती? पाणी किती वाजता यायचं? तुझं काय फसलं? म्हणून आजपासून एक साधी दोनशे पानी वही कर. एनएसएसची कार्यदैनंदिनी वेगळी, ती पीओच्या सहीसाठी. या वहीत तारीख, जागा, कोण भेटलं, काय म्हणालं त्यांच्याच शब्दात, आणि मला काय समजलं नाही, एवढंच लिहायचं. मराठीत. माझी ती हापशीवाली बाई मला शब्दांसकट आठवते, कारण त्या रात्री चडफडत का होईना, मी ते वाक्य लिहून ठेवलं होतं.

इंग्रजीचं मी टाळते आहे असं वाटेल, तर तसं नाही. पुढच्या अभ्यासाला वाचण्यापुरतं इंग्रजी लागेल, ते कमव. रोज एक पान वाच, अडलेला शब्द वहीत लिही. ती अँकरिंगवाली मुलगी तुमच्याच युनिटात आहे, तिलाच सांग की तुझ्या रक्तदानाचं इंग्रजी पत्र तपासून दे. बहुतेक ती आनंदाने देईल. तिला फोन करून चाळीस माणसं आणता येत नसतील, आणि ते तिलाही ठाऊक असेल.

आणि बाबा. त्यांच्यावर चिडू नकोस. दिवसभर हँडल धरून घर चालवणाऱ्या माणसाला मोफत काम बघवत नाही, आणि त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. दोन संध्याकाळी शिकवण्या घे. तुझ्या घरात पैशांची गरज असेल तर कमावणं हीसुद्धा जबाबदारी आहे आणि तिला सेवेपेक्षा कमी समजायचं कारण नाही. प्रत्येक रविवार एनएसएसला दिलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? महिन्यातले दोन रविवार दे, पण ठरलेल्या कामाला दे. आणि बाबांना एकदा त्या मे महिन्याच्या शिबिराला बोलव. रिक्षावाल्यांच्या स्टँडवरून पाच दाते त्यांनीच आणले तर मला नवल वाटणार नाही. ते आले तर त्यांना खुर्ची दे, उचलायला लावू नकोस.

टीवाय संपलं की मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी असते, बाबा आमटेंनी सुरू केलेली. दिवसा कुदळ-फावडं, संध्याकाळी गाणी आणि गप्पा. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’चा ‘निर्माण’ हा तरुणांसाठीचा उपक्रम २००६ पासून आहे, त्याला अर्ज करून निवड होते. एवढ्या लांब एकटीला पाठवायला आई तयार होईल का, माहीत नाही. तिला आधी तुमच्या कॅम्पात एक दिवस पाहुणी म्हणून आण. मुली किती वाजता झोपतात, मॅडम कुठे झोपतात, हे तिने डोळ्यांनी बघितलं की आठचा नियम जरा सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

तुमचा यंदाचा कॅम्प दिवाळीनंतर असेल आणि गावात वनराई बंधारा घालणार असाल, तर एक सांगते. ओढ्याला धार आहे तोवरच तो घालायचा, उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या तोंडापर्यंत भरू नका, पाऊण भरा. टम्म भरलेली गोणी दगडासारखी लोळते, पाऊण भरलेली पोट टेकून बसते आणि शेजारणीला चिकटते. विटांसारखा सांधमोड करून थर लावा, मधल्या फटीत चिखल ठासा. सगळी मुलं पाण्यात उतरून फोटो काढत असतील तेव्हा तू काठावर गोण्यांची तोंडं बांधायला बस. आणि सुतळीचे दोन गुंडे मुंबईहूनच जास्तीचे ने. ती कधीच पुरत नाही.